पावट्याच्या वेलाला साठ गुलाब

आमच्या आईने अमेरिकेचा एकही नियम मोडलेला नाही. हे सुरुवातीलाच सांगून ठेवतो, कारण पुढचं वाचताना तुमचा तसा समज होण्याची दाट शक्यता आहे. माझाही झाला होता.

आई कराडहून एप्रिलमध्ये आमच्याकडे, जॉर्जिया राज्यातल्या अल्फारेटाला आली, सहा महिन्यांसाठी. पहिला आठवडा कौतुकात गेला. दुसऱ्या आठवड्यात तिच्या लक्षात आलं, की या घरात सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा कोणी कोणाशी बोलत नाही. म्हणजे बोलतात, पण कानात काहीतरी खुपसून, दुसऱ्या गावच्या माणसांशी! मी वरच्या खोलीत, माझी बायको मेघना खालच्या खोलीत, आणि दोघंही दिवसभर "माझा आवाज येतोय का?" असं इंग्रजीत ओरडतोय. बारा वर्षांची ईरा शाळेत. बाहेर रस्त्यावर माणूस दिसलाच तर तो एकतर पळत असायचा, नाहीतर कुत्रा त्याला ओढत असायचा.

"संजू, एवढी घरं बांधलीत, माणसं कुठं ठेवलीत रे?" आईने विचारलं.

चौदा वर्षं इथे राहून हा प्रश्न मला पडला नव्हता, हे तेव्हाच लक्षात आलं.

मे महिन्यात तिने उसळीसाठी इंडियन ग्रोसरीतले पावटे भिजत घातले. मोड आल्यावर त्यातले मूठभर बाजूला काढले आणि पोर्चच्या खांबाशी, थेट घराच्या तोंडाशी, पुरून टाकले. मागच्या अंगणात पाइनची उंच झाडं आहेत, तिथे ऊन येत नाही, असं तिचं म्हणणं. खांबाला सुतळी बांधली. जून संपेपर्यंत वेल तिच्या खांद्याला लागला, जुलैत पोर्चच्या छपरावर पोचला. रोज सकाळी आई चहाचा कप घेऊन त्याच्याशेजारी बसायची आणि त्याच्याशी बोलायची. (घरात बोलायला मोकळा असलेला तो एकटाच होता.)

"ह्याच्या पहिल्या शेंगांची उसळ ईराला खायला घालीन," ती म्हणायची, "आणि मगच विमानात बसेन."

ईराने आयुष्यात कधी पावटा खाल्ला नव्हता. "आजी, इज इट लाइक हमस?" तिने विचारलं होतं. आईने हमस म्हणजे काय ते मला विचारलं, मी सांगितलं, उकडलेल्या छोल्यांचं वाटण, आणि तिने नातीकडे फार दयेने पाहिलं.

आता शेजाऱ्यांचं सांगतो. डाव्या हाताला वॉल्टर राहतात. वय अठ्ठ्याहत्तर, कोर्टात कारकुनी करून निवृत्त, बायको नॅन्सी सहा वर्षांपूर्वी गेली, तेव्हापासून एकटे. इथल्या पद्धतीने ईरा त्यांना 'मिस्टर वॉल्टर' म्हणते. आईने पहिल्याच दिवशी त्यांचे 'वॉल्टरकाका' करून टाकले. आई आली म्हणून ते पीचचा एक गोड पदार्थ घेऊन आले होते, पांढऱ्या चिनी मातीच्या भांड्यातून. भांड्याच्या बुडाला चिकटपट्टी, तिच्यावर त्यांचं नाव.

पदार्थ संपला. मी भांडं घासलं, पुसलं, आणि दारात पोचलो तोच मागून आवाज आला.

"रिकामं घेऊन निघालास?"

"अगं, इथे असंच देतात. थँक यू म्हणायचं की झालं."

"परक्याचं भांडं रिकामं पाठवायचं नसतं. तुला मी हेच शिकवलं का?"

भांड्यातून शंकरपाळे गेले. तीन दिवसांनी भांडं परत आलं, त्यात उकडलेले शेंगदाणे! आई खूश झाली. "बघ, शहाणा माणूस आहे." मग चिवडा गेला, मक्याचा पाव आला. पुरणपोळ्या गेल्या, चीजचं काहीतरी केशरी सारण आलं. आम्ही थांबायला तयार, पण भांडं आमच्याकडे असलं की आई थांबू देईना, आणि तिकडे गेलं की वॉल्टर थांबेनात. माझं वजन चार पौंडांनी वाढलं. एकदा तर आईने तव्यावरचा ठेचा आणि भाकरी पाठवली. मी दोन तास खिडकीतून त्यांच्या घराकडे बघत होतो, ॲम्ब्युलन्स येते का म्हणून. ती आली नाही. दुसऱ्या दिवशी केळ्यांचं पुडिंग आलं, आणि वर चिठ्ठी, 'त्या हिरव्या गोष्टीने मला रडवलं. अजून आहे का?'

आणि अशा सुखाच्या दिवसांत, ऑगस्टमध्ये, पत्र आलं.

अमेरिका हा स्वतंत्र माणसांचा देश आहे, याबद्दल वाद नाही. फक्त आमच्या वसाहतीत घराला रंग कोणता द्यायचा, कचऱ्याचा डबा किती वाजता बाहेर काढायचा आणि गवत किती बोटं वाढू द्यायचं, हे सोसायटी ठरवते. आपल्याकडे सोसायटीत भांडण झालं तर ते जिन्यात उभं राहून, चार मजल्यांना ऐकू जाईल असं होतं आणि संध्याकाळपर्यंत मिटतंही. इथे आवाज म्हणून चढत नाही. तक्रार करणारा समोरून जाताना हसून हात हलवतो, आणि आठवड्याने तुमच्या पेटीत पत्र पडतं. या पत्रात लिहिलं होतं, की घराच्या दर्शनी भागात भाजीपाला लावण्यास मनाई आहे, तरी वेल चौदा दिवसांत काढावा, अन्यथा क्लबहाउसमध्ये समितीसमोर सुनावणीस हजर राहावं. खाली सही होती, समितीचे अध्यक्ष, वॉल्टर!

मी भांड्याकडे पाहिलं. भांडं ओट्यावर होतं. म्हणजे पाळी आमची होती.

"काढून टाकू या," मी मेघनाला म्हणालो. "उगाच इश्यू नको यार. उद्या घर विकायची वेळ आली तर रेकॉर्डवर राहील."

"तू सांग आईंना," मेघना म्हणाली. "मी मीटिंगमध्ये आहे." (ती मीटिंगमध्ये नव्हती. तिच्या हातात आंबा होता.)

मी आईला सांगितलं. ती वेलाकडे बघत म्हणाली, "अजून महिनाभरात शेंगा लागतील. तेवढं थांबत नाहीत का तुझे लोक?"

'तुझे लोक' हे मला फार लागलं. तेवढ्यासाठी मी ठरवलं, सुनावणीला जायचं. पण खरं सांगतो, आतून लाज वाटत होती. चौदा वर्षं मी या वसाहतीत कोणाच्या डोळ्यांवर न येता राहिलो होतो. गवत वेळेवर कापलं, ख्रिसमसला दिवे लावले, दिवाळीचे आकाशकंदील पाच दिवसांत उतरवले. आणि आता माझ्या दारावर पावट्याचा मांडव!

"आता ते भांडं पाठवायचं नाही," मी बजावलं.

"का?"

"ते अध्यक्ष आहेत. आपली केस त्यांच्यासमोर आहे. त्यांना खायला पाठवलं तर ती लाच होते." मी ऑफिसात दरवर्षी याचं ट्रेनिंग घेतो. शेवटी परीक्षा असते. मला शंभर टक्के मिळतात.

"अळूवड्यांची लाच?"

"हो!"

"मग भांडं वर्षभर ठेवून घ्यायचं का माणसाचं?"

यावर मी एक अतिशय हुशारीचा मार्ग काढला. आई अंघोळीला गेलेली बघून मी भांडं घासलं, रिकामंच नेऊन वॉल्टरच्या दारात ठेवलं आणि वर 'थँक यू' लिहिलेला पिवळा कागद चिकटवून पळून आलो.

तासाभरात बेल वाजली. दारात वॉल्टर, हातात भांडं, चेहरा उतरलेला.

"संजय, तुमच्या आईला माझा राग आलाय का?"

"नाही, नाही! असं का म्हणता?"

"भांडं रिकामं आलं," ते म्हणाले. "माझी आई दक्षिण जॉर्जियातल्या एका खेड्यातली. तिच्या गावात भांडं रिकामं परत आलं की समजायचं, दोन घरांत भांडण झालं. म्हणून तर मी गेले चार महिने स्वयंपाक करतोय. मला स्वयंपाक येत नाही हो! दर वेळी मुलीला फोन करून विचारतो."

मागे आई उभी होती. इंग्रजी तिला येत नाही, पण रिकामं भांडं तिला कुठल्याही भाषेत वाचता येतं. तिने माझ्याकडे असं पाहिलं, की मी एकदम चौथीत गेलो.

"काय केलंस तू?"

आईने ते भांडं त्यांच्या हातातून घेतलं, आत गेली, आणि अळूवड्यांनी शिगोशीग भरून परत आणलं. वॉल्टर पत्राबद्दल अवघडून एवढंच म्हणाले, की तक्रार आली की सही त्यांना करावीच लागते, नियम म्हणजे नियम. मग वडी तोंडात टाकत गेले. मला वाटलं, चला, निदान एक मत तरी आपल्या बाजूला आहे.

समितीत तीन माणसं. सुनावणी मंगळवारी, आणि त्याआधी शनिवारी समिती घराची पाहणी करणार होती. शुक्रवारी संध्याकाळी मी नियमांचं पुस्तक उघडलं. त्यात स्पष्ट लिहिलं होतं, दर्शनी भागात फुलांचे शोभेचे वेल चालतील. माझ्या डोक्यात प्रकाश पडला! आमच्या वेलाला फक्त फुलांचीच तर कमी होती. मी पुस्तक तिथेच मिटलं (हे लक्षात ठेवा) आणि गाडी काढून हस्तकलेच्या दुकानात गेलो. साठ गुलाब घेतले. कापडी. लाल, पिवळे, आणि लाल-पिवळे संपले म्हणून काही निळे.

शिडी लावून मी ते तारेने एकेक करून वेलाला बांधले. आई पोर्चवर खुर्चीत बसून बघत होती.

"काय रे, लग्न आहे का पावट्याचं?"

"आई, तू गप्प बस."

"मुलगी कुठली?"

ईरा बाहेर आली, थबकली, म्हणाली, "बाबा, धिस इज सो क्रिंज," (म्हणजे बघणाऱ्यालाच लाज वाटावी असं) आणि आत निघून गेली. मेघनाने खिडकीचा पडदा ओढून घेतला. तेवढ्यात फिरायला निघालेल्या एक बाई थांबल्या आणि त्यांनी फोटो काढला. मी शिडीवरून अभिमानाने हात हलवला. शनिवारी समिती आली, तिघांनी लांबून पाहिलं, काहीतरी लिहून घेतलं. वॉल्टर मात्र जवळ आले, एक निळा गुलाब बोटाने बाजूला करून पानांच्या आत बराच वेळ बघत राहिले, आणि मग गेले.

मंगळवारी संध्याकाळी सहाला आम्ही क्लबहाउसवर. मी सूट घातला होता. लॅपटॉपमध्ये चौदा स्लाइड तयार होत्या, पहिलीवर शीर्षक, 'पावटा: एक सांस्कृतिक वारसा'. आई इरकली साडी आणि ईराचे जुने बूट घालून आली होती. समितीत वॉल्टर, कॅरल नावाच्या एक काटेकोर बाई, आणि सतत फोनमध्ये बघणारा एक तरुण.

मी स्लाइड लावणार, तोच वॉल्टर उभे राहिले. खिशातून छोटी वही काढली.

"सुरुवात करण्यापूर्वी मला एक जाहीर करायचं आहे. या कुटुंबाकडून मला खालील गोष्टी मिळाल्या आहेत." आणि ते वाचू लागले! "शंकरपाळे, दोन वेळा. चिवडा. पुरणपोळी, सहा नग, त्यातल्या मी एका दिवसात पाच खाल्ल्या. ठेचा. पुन्हा ठेचा, माझ्या विनंतीवरून. अळूवडी, सुनावणीच्या नोटिशीनंतर." उच्चार एकदम स्वच्छ. (ईराकडून त्यांनी लिहून घेतले होते. ही आमची मुलगी!) "मी चाळीस वर्षं कोर्टात काम केलं. इतकं खाल्ल्यावर मी निष्पक्ष राहू शकत नाही. त्यामुळे या प्रकरणात मी मत देणार नाही." आणि ते खुर्ची उचलून आमच्या बाजूला येऊन बसले.

पूर्ण देशात आमच्या बाजूने मत देईल असा एक माणूस होता, आणि त्याला आम्ही खायला घालून घालून बाद केलं होतं!

"काय म्हणाले?" आईने विचारलं.

"अळूवड्यांनी घात केला."

"छान झाल्या होत्या की."

कॅरलबाईंनी चष्मा लावला. "मग हा वेल भाजीचा आहे, हे कुटुंबाला मान्य आहे?"

"मला एक नागरिक म्हणून बोलता येईल का?" वॉल्टरनी विचारलं आणि फोनमधला एक फोटो पुढे केला. पोस्टाच्या पेटीशी एक बाई उभी, हसत, आणि पेटीवर जांभळ्या फुलांनी लगडलेला वेल. "ही माझी नॅन्सी. हा वेल ती दर उन्हाळ्यात लावायची, फुलांसाठी. शनिवारी मी यांच्या गुलाबांच्या मागे पाहिलं, तर तीच फुलं. खरी. जांभळी. नऊ नंबरच्या पानावर आपल्या मान्य शोभेच्या वेलांची यादी आहे, त्यात हा आहे. ही यादी बनवली तेव्हा नॅन्सी समितीत होती." "इतकी वर्षं आमच्या दारात होता आणि तो खातात हे आम्हाला ठाऊकच नव्हतं."

मी चाट पडलो. माझ्या गुलाबांच्या खाली खरी फुलं आली होती, आणि साठ गुलाब बांधणाऱ्या मला ती दिसली नव्हती!

कॅरलबाईंनी नववं पान काढलं, वाचलं, पुन्हा वाचलं. मग आईकडे वळल्या. "पण तुमचा हेतू हा वेल खाण्याचा आहे का?"

ईराने भाषांतर केलं. मी कुजबुजलो, "आई, नाही म्हण. फक्त नाही म्हण!"

आईने पदर सारखा केला. "पावटा लावून खायचा नाही, तर काय त्याची पूजा घालायची? शेंगा आल्या की उसळ करणार. ह्या बाईंनाही देणार. आणि खोटं मी बोलणार नाही, ह्याला काय बोलायचं ते बोलू दे."

"शी सेज येस," ईरा म्हणाली. "अँड यू आर इन्व्हायटेड."

त्या क्षणी मला माझ्या आईचा फार अभिमान वाटला. परक्या देशात, नातीचे बूट घालून, न येणाऱ्या भाषेसमोर ती ताठ उभी होती. आणि मी, चौदा वर्षं इथे राहिलेला, भर कंपनीत इंग्रजीतून भांडणारा, स्लाइडच्या मागे लपलो होतो. ती नात तर तिच्याहून सवाई! आपण काय जन्माला घातलंय, हे मला त्या दिवशी कळलं.

कॅरलबाई पहिल्यांदाच हसल्या. "काय लावायचं याबद्दल नियम आहे. काय खायचं याबद्दल नाही. वेल मंजूर." फोनवाल्या तरुणाने मान वर करून हात वर केला. वॉल्टरनी टाळ्या वाजवल्या, मग आपण तटस्थ आहोत हे आठवून थांबले.

मी लॅपटॉप बंद करून आभार मानायला उठलो.

"एक मिनिट," कॅरलबाई म्हणाल्या. "दुसरा विषय. कृत्रिम फुलं. दर्शनी भागात सक्त मनाई, पान दहा." त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला. "हे पत्र तुमच्या नावाने आहे. चौदा दिवसांत काढावीत."

पान दहा. मी नवव्याच्याही आधी पुस्तक मिटलं होतं.

पुढच्या महिन्यात शेंगा लागल्या. एका रविवारी आईने पोर्चवर सगळ्यांना उसळ-भात वाढला. कॅरलबाई आल्या होत्या. वॉल्टर तिसऱ्यांदा वाढून घेत होते, आणि ईरा ताट चाटून पुसून म्हणाली, "आजी, हमस इज नथिंग!" बांधताना तारा इतक्या घट्ट पिळल्या होत्या, की मला वेल न दुखावता एकेक सोडवावी लागली; त्या दिवशीही मी शिडीवर शेवटचे गुलाब उतरवत होतो आणि सगळे खालून मला सूचना देत होते. "तो निळा राहिला बघ," आई म्हणाली. माझ्या नावाचं पत्र तिने फ्रीजवर चिकटवलं होतं आणि येईल त्याला दाखवत होती. "माझा वेल निर्दोष. हा मुलगा दोषी."

ऑक्टोबरमध्ये आई कराडला परत गेली. जाताना विमानतळावर ना तिने माझी तब्येत विचारली, ना घराची. म्हणाली, "भांडं आपल्याकडे आहे. रिकामं देऊ नकोस."

मला स्वयंपाक येत नाही. मेघना खरोखरच मीटिंगमध्ये होती. तीन दिवस मी त्या भांड्याभोवती फिरलो. शेवटी आईचा शब्द मोडायचा नाही म्हणून गॅरेजमधून ते साठ गुलाब आणले, भांड्यात छान रचले, आणि वॉल्टरना देऊन आलो.

दोन दिवसांनी भांडं परत आलं, अक्रोडासारख्या इथल्या पिकानच्या दाण्यांनी भरून, वर चिठ्ठी. 'गुलाबांबद्दल आभार. घराच्या आत, नॅन्सीच्या फोटोपाशी ठेवलेत, तिथे नियमात बसतात. आई परत कधी येणार?'